लाटणं घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांच्या आठवणी कशा नोंदवायच्या

१९७२च्या दुष्काळानंतर तेल, साखर, रॉकेल मिळेना आणि मिळालं तर परवडेना, तेव्हा मुंबईतल्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एका समितीत एकत्र आल्या होत्या. या पुढारी बायकांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पण चाळीतल्या एकेका खोलीचं दार ठोठावून 'चला गं, उद्या अकरा वाजता' असं सांगत फिरणारी जी बाई होती, तिचं नाव सहसा कुठेच सापडत नाही. त्या वेळी पंचविशीत असलेली बाई आज ऐंशीच्या घरात आहे. तिचं म्हणणं टिकवायचं असेल तर हाताशी वेळ फार थोडा आहे.

गेली सहा वर्षं मी लालबाग-परळ आणि गोरेगाव भागात अशा बायकांशी बोलते आहे. नंतर मराठवाड्यात नामांतर आंदोलनात, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्या या मागणीच्या लढ्यात, असलेल्या काही जणींकडेही गेले. आतापर्यंत तेवीस जणी झाल्या. सुरुवातीला मला कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे बऱ्याच गोष्टी कायमच्या हातच्या गेल्या. तुमच्या जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या गावातली चळवळ वेगळी असेल, दारूबंदीची, पाण्याची, जमिनीची किंवा गिरणी संपाची. पद्धत हीच चालेल.

आधी जमवायच्या गोष्टी

- रेकॉर्डर किंवा चांगला मोबाइल, आणि कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक
- हेडफोन
- पॉवर बँक, जादा मेमरी कार्ड
- छापलेलं संमतीपत्र (दोन प्रती), पेन, शाईचा पॅड
- जाड वही
- दोन हार्ड डिस्क, त्यातली एक दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवायला

महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. व्हिडिओ हवा असेल तर घ्या, पण समोर कॅमेरा आला की पदर सारखा करण्यातच बाईचं लक्ष जातं. मी पहिल्या दोन बैठका तरी फक्त आवाजच घेते.

१. कोणाकडे जायचं?

संघटनेच्या कार्यालयात विचारलंत तर तुम्हाला तीच पाच-सहा नावं मिळतील, ज्यांच्या मुलाखती आधीच झाल्या आहेत. त्यांच्याकडे जरूर जा, पण त्यांना एक प्रश्न नक्की विचारा: 'तुमच्याबरोबर कोण कोण असायचं?' मग त्या नावांच्या मागे लागा.

इथे मोठी अडचण येते ती नावांची. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, आणि पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतं. माहेरी ती 'शेवंता', सासरी 'सुनीता', चाळीत 'बंड्याची आई' आणि संघटनेच्या वहीत 'सौ.' लावून पुढे नवऱ्याचं नाव. जुन्या पत्रकातली एक बाई मी आठ महिने शोधत होते आणि ती माझ्या ओळखीच्याच घरात निघाली. तेव्हा पहिल्या दिवसापासून वहीत प्रत्येकीची सगळी नावं लिहा: माहेरचं, सासरचं, हाक मारायचं.

२. पहिल्या भेटीत रेकॉर्डर पिशवीतच राहू द्या

पहिल्यांदा नुसतं भेटायला जा. ओळखीच्या कोणाला तरी बरोबर न्या. तुम्ही कोण, कुठल्या, कोणाच्या, हे आधी तिला कळू द्या. ते विचारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. हे रेकॉर्डिंग कशासाठी आणि पुढे ते कोण ऐकणार, हे सरळ सांगा. 'तुम्हाला काय म्हणू?' हेही विचारून घ्या. चळवळीत आयुष्य गेलेल्या बाईला 'ताई' ऐकायची सवय असते, तिला एकदम 'आजी' म्हटलेलं रुचत नाही. काहींना 'मावशी' जवळचं वाटतं.

वेळ तिच्या सोयीची घ्या. सकाळी पाणी येतं, संध्याकाळी नातवंडं शाळेतून येतात. दुपारी दोन ते चार बहुतेक घरांत बरं पडतं.

३. संमतीपत्र

ही पायरी गाळू नका. पोरगी ओळखीची आहे, कशाला कागद, असं तीही म्हणेल. तरीही करा.

संमतीपत्र एका पानाचं, साध्या मराठीत आणि मोठ्या अक्षरात असावं. त्यात इतकं हवं: कोण रेकॉर्ड करतंय, कशासाठी, कुठे ठेवलं जाणार, तिला प्रत मिळणार, आणि तिने कधीही 'हे काढून टाका' म्हटलं तर ते काढलं जाणार. खाली तिने निवडायचे पर्याय द्या: नावासकट सगळ्यांना खुलं, नाव बदलून खुलं, फक्त अभ्यासकांना, अमुक वर्षांनी किंवा माझ्या पश्चात खुलं. एकाच मुलाखतीतले वेगवेगळे भाग वेगवेगळ्या खणात जाऊ शकतात, हेही समजावून सांगा.

वाचता येत नसेल तर पूर्ण पत्र मोठ्याने वाचून दाखवा, आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तिच्याच तोंडून संमती नोंदवून घ्या. अंगठा घेतला तर बाजूला साक्षीदाराची सही घ्या. सही मुलाखतीच्या आधी घेतलीत तरी शेवटी पर्याय पुन्हा विचारा. काय काय बोलून गेलो हे तिला तेव्हाच कळलेलं असतं. माझ्याकडच्या तेवीसपैकी सात जणींनी शेवटी पर्याय बदलला.

४. जागा आणि आवाज

खोलीत शिरल्यावर आधी दोन मिनिटं गप्प बसून कान द्या. डोक्यावरचा पंखा, फ्रिजची घरघर, शेजारचा टीव्ही, कुकरची शिट्टी. आपल्या कानाला सवय असते, माइकला नसते. पंखा बंद करायला सांगणं मुंबईच्या मे महिन्यात अन्यायाचं आहे, म्हणून मी मुलाखती थंडीत घेते, आणि नाही जमलं तर टेबल पंखा लांब ठेवून माइक छातीपाशी लावते. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. मधे फोन आला तर काही मोबाइलांत रेकॉर्डिंग तिथेच थांबतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही या, आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलच्या प्रकारात करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवलंत तर तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये सेटिंगमध्ये जाऊन 'लॉसलेस' निवडता येतं. एमपी३ लहान असते म्हणून मोह होतो, पण त्यात जो आवाज एकदा गाळला गेला तो परत आणता येत नाही. मूळ डब्ल्यूएव्ही ठेवा, ऐकायला आणि पाठवायला त्यावरून एमपी३ करा.

सुरुवातीला अर्धा मिनिट चाचणी घ्या आणि हेडफोन लावून ऐका. मग तारीख, ठिकाण, तिचं नाव आणि तुमचं नाव मोठ्याने बोला. पुढे फाइलचं नाव पुसलं गेलं तरी ही नोंद आवाजातच राहते.

५. 'मी कुठं काय केलं?'

हे वाक्य तुम्हाला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येईल. 'सगळ्याजणी निघाल्या म्हणून मी गेले, मी कुठं काय केलं?' नवखा माणूस इथेच अडतो, कारण त्याच्या हातातल्या कागदावर प्रश्न असतो: 'चळवळीतलं तुमचं योगदान काय?' हा प्रश्न फाडून टाका. योगदान हा शब्द सत्काराच्या भाषणातला आहे. स्वतःच्या आयुष्याकडे त्या शब्दातून पाहायची तिला सवय नाही.

त्याऐवजी तो एक दिवस विचारा. मोर्च्याच्या दिवशी किती वाजता उठलात? स्वयंपाक काय केला होता? मुलं कोणाकडे ठेवली? पायात काय होतं? गाडीनं गेलात की चालत? तिकीट कोणी काढलं? घरी परत आल्यावर सासूबाई काय म्हणाल्या?

परळच्या एका मावशींनी मला सव्वा तास 'मला काही आठवत नाही' असंच सांगितलं. मग मी विचारलं, लाटणं घरचंच नेलं होतंत का? त्या एकदम सरसावून बसल्या. म्हणाल्या, घरचं कसं नेणार, एकच तर होतं, आणि तिकडे पोलिसांनी घेतलं असतं तर रात्री पोळ्या कशानं लाटायच्या? मग त्यांनी खालच्या मजल्यावरच्या सुतारकाम करणाऱ्या गड्याकडून लाकडाचे तुकडे मागून आणले, चुलत जावेनं ते घासून गोल केले, आणि एका मजल्यावरून अकरा जणी ती खोटी लाटणी घेऊन निघाल्या. हे सांगताना त्यांचे दोन्ही तळवे मांडीवर पुढेमागे फिरत होते, लाकूड घासल्यासारखे. त्या अकराही जणींची नावं त्यांना खोलीच्या क्रमाने पाठ होती. ज्या बाईला 'काही आठवत नव्हतं' तिच्याकडून मला एका मजल्याची अख्खी संघटना मिळाली, ती फक्त एका लाटण्याविषयी विचारल्यामुळे.

सालं विचारू नका, खुणा विचारा. मिलो (रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी) खायचे दिवस, रेल्वेचा संप, आणीबाणी, गिरण्या बंद पडल्या ते वर्ष, 'थोरली तेव्हा पोटात होती', 'धाकटा बालवाडीत होता'. मुलांच्या जन्माचा हिशेब लावला की साल बहुतेक वेळा बरोबर निघतं. रेल्वेचा संप मे १९७४चा, आणीबाणी २५ जून १९७५ची, गिरणी संप १८ जानेवारी १९८२पासूनचा. या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मराठवाड्यात असाल तर विधिमंडळाच्या नामांतराच्या ठरावाचा जुलै १९७८, किल्लारीच्या भूकंपाचा सप्टेंबर १९९३ आणि नामविस्ताराचा १४ जानेवारी १९९४ जवळ असू द्या.

ती चुकीचं साल बोलली तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. एकदा टोकलंत की पुढे प्रत्येक वाक्याला ती 'बरोबर ना?' म्हणून तुमच्याकडे बघते. नंतर जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींशी ताडून शब्दांकनाखाली टीप द्या. तिने दोन मोर्चे एकत्र करून सांगितले असतील तर तेही जपून ठेवा. कोणत्या दोन गोष्टी तिच्या मनात एकमेकींना जोडलेल्या आहेत, हे त्यावरून कळतं.

गप्प राहायला शिका. ती थांबली की पुढचा प्रश्न टाकायची घाई होते. मनात दहा आकडे मोजा. पुष्कळदा सातव्या-आठव्या आकड्याला ती स्वतःच पुन्हा बोलू लागते, आणि ते बोलणं आतलं असतं.

चहा आला की रेकॉर्डर बंद करायची माझी सवय होती. एका ताईंनी पहिल्या अटकेची हकिकत, रात्रभर चौकीत बसून गायलेल्या गाण्यांसकट, कप हातात घेऊन सांगितली. पुढच्या वेळी विचारल्यावर चारच वाक्यं आली. तेव्हापासून मी आधीच सांगते, 'ताई, चहा पितानाही हे चालू ठेवते, चालेल ना?' तिने नको म्हटलं तर बंद.

६. खोलीतली इतर माणसं

नवरा, मुलगा, कधी सूनही तिच्या वतीने बोलायला लागते. 'तिला काय आठवतंय, मी सांगतो.' नवरा युनियनमध्ये होता असं असेल तर हे हमखास होतं. त्यांना गप्प बसवू नका, घर त्यांचं आहे. 'काका, तुमचंही मला वेगळं रेकॉर्ड करायचंय, आपण रविवारी बसू या का?' म्हणा, आणि खरंच रविवारी जा. मी गेले तेव्हा त्या काकांनी, मोर्च्याच्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा भात आपणच लावला होता, हे सांगितलं. बायकोने ते कधी सांगितलं नव्हतं.

७. दुसऱ्या बाईचं गुपित

पन्नास वर्षं कार्यकर्ती असलेल्या बाईला इतर बायकांचं खूप काही माहीत असतं. कोणाला नवऱ्याने जाळलं, कोणावर अत्याचार झाला, कोणी कोणाला लपवून ठेवलं. ती विश्वासाने नावासकट बोलते. पण त्या दुसऱ्या बाईने तुम्हाला संमती दिलेली नाही.

बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि घटना चाळीस वर्षांपूर्वीची असली म्हणून मोकळीक मिळत नाही. नुसतं नाव गाळून भागत नाही, गाव, नातं, हुद्दा यांवरूनही ओळख पटते. म्हणून दोन प्रती करा. मूळ प्रत कुलूपबंद, आणि खुल्या प्रतीत तो भाग गाळलेला. कुठे काय गाळलं त्याची नोंद मूळ प्रतीबरोबर ठेवा.

तिच्या स्वतःच्या दुःखाकडे ती आपणहून वळली तर ऐका, पण तुम्ही तिकडे ओढू नका. रडू आलं तर पाणी द्या, 'थांबायचं का?' विचारा. अशा दिवशी रेकॉर्डिंग संपल्यावर लगेच उठून येऊ नका. अर्धा तास बसा, भाजी निवडायला घ्या, संध्याकाळी एक फोन करा.

८. ट्रंकेतले कागद

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत 'जुना एखादा फोटो आहे का?' म्हटलं की पलंगाखालची ट्रंक निघते. पत्रकं, सभासदत्वाच्या पावत्या, रेशनकार्ड, अटकेचा कागद, मागे पेन्सिलीने नावं लिहिलेला मोर्च्याचा फोटो. काहीही घरी नेऊ नका. 'स्कॅन करून आणून देते' म्हणून नेलेल्या वस्तू परत न आल्याचा अनुभव यांतल्या अनेक बायकांना आहे. छोटा स्कॅनर तिथेच न्या, फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, पाठची बाजूही करा. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, मोबाइल अगदी सरळ वर धरून फोटो काढा. मग प्रत्येक फोटो तिच्या हातात देऊन, रेकॉर्डर चालू ठेवून विचारा, 'डावीकडून पहिली कोण?'

९. त्याच रात्री

घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी फाइल कॉम्प्युटरवर घ्या. केबल लावून घ्या. व्हॉट्सॲपवर आवाज किंवा फोटो नेहमीसारखा पाठवलात तर तो दाबून लहान केला जातो, अगदीच पाठवायचं झालं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तीन प्रती हव्यात: एक कॉम्प्युटरवर, एक डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. माझ्या तिसऱ्या मुलाखतीची एकच प्रत होती, मोबाइलमध्ये. तो मोबाइल लोकलमध्ये चोरीला गेला. त्या बाई त्यानंतर पुन्हा बोलण्याच्या अवस्थेत राहिल्या नाहीत.

फाइलच्या नावात आधी साल-महिना-दिवस, मग जागा, मग क्रमांक. मधे मोकळी जागा सोडू नका. बाईचं नाव फाइलला देऊ नका, ते वेगळ्या तक्त्यात लिहा, म्हणजे नाव लपवायचं ठरलं तर फाइल तशीच राहते. त्याच रात्री वहीत एक पान लिहा: खोली कशी होती, कोण आलं-गेलं, ती कुठे हसली, रेकॉर्डर बंद असताना काय झालं.

१०. शब्दांकन

एक तासाच्या बोलण्याला मला सहा ते आठ तास लागतात. बोललेलं आपोआप टाइप करणारी साधनं आता मराठीत आहेत, कच्च्या मसुद्याला ती चालतात. पण मालवणी, वऱ्हाडी किंवा लालबागच्या बोलीवर ती अडखळतात आणि आपल्या मनाने प्रमाण शब्द घालतात. कुलूपबंद ठेवायचं रेकॉर्डिंग अशा ऑनलाइन साधनाला देऊच नका.

ती 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं'च लिहा. 'आमी गेलो हुतो' याचं 'आम्ही गेलो होतो' केलंत की गावाकडून गिरणगावात आलेली बाई कागदावरून पुसली जाते. अपरिचित शब्दाचा अर्थ खाली द्या. हसू, उसासा, लांब शांतता कंसात लिहा. गाणी आणि घोषणा वेगळ्या काढून ठेवा, कोणी शिकवल्या तेही विचारा. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं असतं, म्हणून आज ती ओवी कोणाची हे सांगता येतं. आपल्या घोषणांचंही तसंच व्हायला हवं.

११. ठेवायचं कुठे?

घरच्या डिस्कवर दहा वर्षांपलीकडे भरवसा ठेवू नका. मुंबईत १९८८ साली सुरू झालेली 'स्पॅरो' ही संस्था स्त्रियांच्या आवाजांचं आणि चित्रांचं जतन हेच काम करते. एसएनडीटी विद्यापीठात १९७४पासून स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र आहे, पुण्याच्या विद्यापीठातही असं केंद्र आहे. देण्याआधी लेखी विचारा: कोण ऐकू शकेल, कुलूपबंद भाग कुलूपबंदच राहील का, संमती मागे घेतली तर काय. तिच्या गावच्या वाचनालयालाही शब्दांकनाची एक छापील प्रत द्या. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गावोगाव जाऊन भेटून उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली छापलं. त्या भेटी तेव्हा झाल्या नसत्या तर आज त्या कोणालाच घेता आल्या नसत्या.

१२. परत तिच्याकडे

पेनड्राइव्ह तिच्या मुलीच्या किंवा नातवाच्या हातात द्या, पण तिच्यासाठी शब्दांकन अठरा पॉइंटच्या अक्षरात छापून, शिवून न्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. दोन-तीन बैठका लागतात. ती दुरुस्त्या सांगेल, काही वाक्यं काढायला लावेल. वाद न घालता काढा.

खोट्या लाटण्यांच्या त्या मावशींना मी गेल्या महिन्यात त्यांचं पुस्तक वाचून दाखवलं. काढायला काहीच सांगितलं नाही त्यांनी. फक्त अकरा जणींच्या यादीपाशी थांबवलं आणि म्हणाल्या, 'बारावी राहिली की. कोपऱ्यातल्या खोलीतली. तिचा नवरा पाठवत नव्हता, ती पाणी भरायला म्हणून हंडा घेऊन निघाली आणि हंड्यासकट मोर्च्यात आली.' ती बारावी कल्याणला मुलीकडे असते. तिचा नंबर त्यांच्या नातीने मला दिलाय, आणि ती बारावी स्वतः बुधवारी दुपारी दोनला ये म्हणालीय.